पाडून पाहिलेली गाडी

अमरावतीत वलगाव रोडला जुन्या मोटरसायकलींचं एक आवार आहे. वर टिनं, पुढे मुरमाचं मैदान, आणि मैदानात बाजारातल्या बैलांसारख्या ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या. वच्छला आणि गजेंद्र फाटकातून आत शिरले, तसा गजेंद्र इकडेतिकडे न पाहता सरळ एका काळ्या, दीडशे सीसीच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. उंच सीट, फुगीर टाकी, मागचा टायर चांगला रुंद. त्यानं उजव्या हातानं टाकीवरची धूळ पुसली. डावा हात पँटीच्या खिशात होता. दोन वर्षं झाली, चारचौघांत तो हात खिशातच असतो.

"हेच," तो म्हणाला.

वच्छलानं सीटची उंची डोळ्यानं मापली. गाडी चालवणार होती ती. तो नाही.

चांदूर बाजारच्या अलीकडे त्यांचं वावर. माळ्याचं घर, म्हणून वावरात सोयाबीन कमी आणि झेंडू, शेवंती, वांगी जास्त. फुलाचा खेळ सगळा पहाटेचा. अमरावतीच्या बाजारात हर्रास सुरू व्हायच्या आत फुलं पोचली पाहिजेत. बोली होऊन गेली, की त्याच फुलांना बकऱ्यासुद्धा हुंगून सोडतात. गावातून खुशालरावचा टेम्पो जातो, पण तो भरला की निघतो, आणि यांचं वावर पडलं नाल्यापलीकडे. डोक्यावर गाठोडं घेऊन वच्छला चिखलातून रस्त्याला लागेपर्यंत टेम्पोचा लाल दिवा लांब गेलेला असायचा. मागच्या दसऱ्याला तिनं अख्खा तोडा नाल्यात ओतला होता. यंदाचा दसरा आता पंधरवड्यावर होता, आणि झेंडू असा लागला होता की झाडाचं पान दिसत नव्हतं.

आधी हे काम गजेंद्रचं. त्याच्याकडे अशीच काळी गाडी होती. मग सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरनं डावा हात ओढला. बोटं राहिली, पण मूठ वळेना. आणि मोटरसायकलचा क्लच डाव्याच हाताला. गाडी विकली गेली. गजेंद्र मात्र भेटेल त्याला सांगायचा, "दिवाळीपर्यंत येते हात." कोणत्या दिवाळीपर्यंत, ते कोणी विचारत नसे. वच्छला तर नाहीच नाही.

ती शिकली उन्हाळ्यात, दिराच्या गाडीवर, रिकाम्या वावरात. गजेंद्र धुऱ्यावर बसून बोंबलायचा, "क्लच सोड! हळू सोड! अवं, बैलाचा कासरा आहे का तो?" गाडी पुढे जाऊ लागली, वळू लागली. घात व्हायचा थांबताना. पाय टेकायचा राहून जायचा आणि गाडी आडवी. मग गजेंद्र हाक मारायचा, शेजारच्या वावरातून कोणी गडी यायचा, गाडी उचलून द्यायचा, हसायचा आणि जायचा. तोवर वच्छला बाजूला उभी राहून कपड्याची माती झाडायची. चालवायची भीती तिची गेली. त्या बाजूला उभं राहण्याची गेली नाही. पहाटे नाल्याच्या वाटेवर गाडी पडली, तर हाक मारायची कोणाला? स्कुटीचा विचार तिनं केव्हाच सोडला होता, लहान चाकं काळ्या मातीत रुततात. शिकाऊ लायसन हातात आलं त्या दिवशीही तिच्या डोक्यात हेच फिरत होतं. पडली तर काय?

आवाराचा मालक प्रीतम, तिशीतला माणूस, कानाचा मोबाईल खिशात टाकत पुढे आला.

"या काका. नजर आहे तुमची. सिंगल हँड गाडी आहे हे, एकाच मालकाच्या हातची."

खिशातला हात जरासा हलला. वच्छलाला तेवढं दिसलं.

"काकू, बसून पाहा मागं. सीट लांब आहे, आरामात बसान."

"मी पुढं बसणार आहे," वच्छला म्हणाली.

प्रीतमनं तिच्याकडे पाहिलं. अंगात पोरीचा पंजाबी ड्रेस, वर नवऱ्याचा जुना शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. मग त्यानं तिला न विचारता गजेंद्रला विचारलं, "काकू चालवतीन?"

"सध्या," गजेंद्र म्हणाला. "दिवाळीनंतर मीच आहे ना."

सध्या! वच्छलाची कानशिलं गरम झाली. ती टांग टाकून काळ्या गाडीवर बसली. चवडे टेकले, टाचा हवेत. गाडी जरा डावीकडे कलली, तसं तिचं सगळं अंग ताठ झालं.

"पोचते ना पाय?" गजेंद्र म्हणाला. "होते सवय. दमदार गाडी आहे. दोन गाठोडे टाक मागं, हू का चू करत नाई. अन् गावात नेली तं चार लोक पाहतीन."

"मले हर्रासाले पोचाचं आहे. लोकायले काय पाहाचं ते पाहतीन." तिनं ओळीच्या टोकाला बोट केलं. तिथे एक बारकी, लाल, शंभर सीसीची गाडी होती, मागे लोखंडी कॅरियर लावलेली. "ते कशी हो, भाऊ?"

"भाव दोघींचा एकच समजा."

"ते?" गजेंद्र हसला. "दूधवाल्याची गाडी आहे ते. चढावर शिंकली तं बंद पडन."

"अवो, जरा बाजूले व्हा."

"काहून?"

"व्हा म्हणते ना."

ती काळ्या गाडीवरून उतरली. हँडल दोन्ही हातांनी धरलं, स्टँड पायानं वर केला, आणि गाडी आपल्याकडे कलती करत करत तिनं ती मुरमावर आडवी निजवली. शेवटच्या वितीला वजन आवरलं नाही. आरसा खाडकन वाजला.

"अवो काकू!" प्रीतम धावला. "काय करून राहिल्या! पाडली ना गाडी!"

"पाडली नाई. ठेवली," वच्छला म्हणाली. तिला धाप लागली होती. "नवी आहो मी, भाऊ. पाडन तं मी नक्कीच, आज नाई तं उद्या. उचलता येते का, ते घेण्याआधी पाहून घेते. बैल घेताना जुपून पाहतोच ना आपण?"

"बैल आणि गाडी एक आहे का? पेट्रोल गळून राहिलं तिचं!"

"वच्छले," गजेंद्र दबक्या आवाजात म्हणाला, "हासं नको करू. उठव म्हण त्याले."

टिनाखाली दोन गिऱ्हाइकं चहा पीत होती, ती ग्लास घेऊनच जवळ आली. पेट्रोलचा वास सुटला होता. टाकीच्या झाकणातून थेंब थेंब मुरमात जिरत होता.

वच्छला वाकली. हँडल धरून जोर केला. गाडी हातभर उठली आणि परत पडली. तिनं दम घेतला, गुडघा टेकला, खांद्यानं रेटलं. काही नाही. एक गिऱ्हाईक हसलं. प्रीतम हात पुढे करून आला.

"हात लावू नका कोणी!" ती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा माणूस थबकला.

"मंग मी कायले आहो संगं?" गजेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "सरक तिकडे. तू हँडल धर."

आणि त्यानं खिशातला हात बाहेर काढला. वच्छलाच्या ओठावर आलं, राहू द्या म्हणावं. तिनं हँडल धरलं. गजेंद्रनं सीटमागचा दांडा दोन्ही हातांनी धरला. धरला, म्हणजे उजव्यानं धरला आणि डावा वर ठेवला.

"हं! उचल!"

गाडी उठली. गुडघ्यापर्यंत आली. गजेंद्रच्या मानेच्या शिरा फुगल्या. मग त्याचा डावा हात दांड्यावरून घसरला, उजव्याला एकट्याला झेपेना, आणि सगळं वजन वच्छलावर आलं. तिनं मागे उडी मारली. पायाचा घोटा होता तिथे फूटरेस्ट मुरमात रुतला.

चहाचा घोट कोणी घेतला नाही. गजेंद्रचा हात तसाच पुढे राहिला होता, उघडा, बोटं जराशी वाकलेली, आणि सगळे त्या हाताकडेच पाहत होते.

आता हा निघून जाणार, वच्छलाच्या मनात आलं. फाटकातून बाहेर, बसस्टँडावर, आणि घरी गेल्यावर आठ दिवस बोलणार नाही. झेंडू तिथंच सडणार. आपण हे घरी बोलायचं होतं. पण घरी ते कधी बोललंच गेलं नव्हतं.

गजेंद्रनं हाताकडे पाहिलं. मग प्रीतमकडे.

"मूठ नाई वळत," तो म्हणाला, जसं कोणी सांगावं की आज बाजार नाही. "दिवाळीलेबी नाई वळणार. ते लाल काढ."

काळी गाडी प्रीतमनं आणि त्या दोघा गिऱ्हाइकांनी मिळून उभी केली. लाल गाडी बाहेर आली. प्रीतमनं तिचं हँडल सोडलं नाही.

"हे बी पाडता का, काकू?"

"हो."

"आरसे काढून घेऊ का?"

"घ्या काढून."

त्यानं खरंच पाना आणून आरसे काढले. वच्छलानं गाडी निजवली. हँडल धरून ओढली, तर हीसुद्धा हातभर उठून पडली. गजेंद्रनं तोंड फिरवलं नाही. वच्छला उभी राहिली, कपाळ पुसलं. मग वळून गाडीकडे पाठ केली, भरलं टोपलं पाठीवर घेताना बसतो तशी उकिडवी बसली, एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं कॅरियर धरलं, आणि मांड्यांवर जोर देत मागे मागे सरकू लागली. सीट कमरेला लागली. गाडी उठत होती. मुरमात बूट घसरला, परत रुतला. उठली, उभी राहिली, आणि तशीच पलीकडे कलंडायला लागली.

"धर! धर!" गजेंद्र ओरडला. जागचा मात्र हलला नाही.

वच्छलानं कॅरियर सोडलं नाही. गाडी डुलली आणि थांबली. मग तिनं पायानं स्टँड चाचपडत काढला आणि गाडी त्यावर सोडली. तळव्याला कॅरियरची पत्ती लागून रक्त आलं होतं.

"घेतली," ती म्हणाली.

"चालवून तं पाहा, काकू," प्रीतम म्हणाला.

"ते घरी जाता जाता पाहते."

कागद झाले, आरसे परत लागले. शिकाऊ लायसनवाल्यामागे पक्क्या लायसनचा माणूस पाहिजे, आणि ते गजेंद्रकडे होतं. तो मागे बसला. फाटकापाशी रस्त्याला चढ होता. गाडी तिथे पोचली आणि वलगावकडून गिट्टीचा ट्रक आला. वच्छलानं ब्रेक दाबला. गाडी कलली. तिनं पाय टेकला, चढावरच तोल धरून ठेवला, आणि मागून 'क्लच' अशी हाक यायची वाट पाहिली. आली नाही.

"काहून? बोलून नाई राहिले?"

"माह्याकडे काय पाहतं," गजेंद्र म्हणाला. "ट्रक पाह."

ट्रक धूळ उडवत गेला. वच्छलानं क्लच जरा घाईनं सोडला. गाडीनं एक हिसका दिला, गजेंद्रनं उजव्या हातानं तिचा खांदा धरला, आणि दोघं रस्त्याला लागले.