कुंपणावरून दिलेलं आमंत्रण

यस्निदार जन्मभर शाळेत शिकवत आलेली बाई. आपण एकदा सांगितलं की जग रांगेत उभं राहतं, असा तिचा पक्का समज. पायाकुंबुह गावाच्या वरच्या अंगाला तिच्या घराण्याचं शिंगांसारख्या टोकांच्या छपराचं मोठं घर आहे. त्याचं संग्रहालय करायच्या वेडाने तिला असं झपाटलं होतं, की दारात आलेल्या मासळीवालीलाही ती आधी घराचा इतिहास ऐकवायची आणि मग भाव विचारायची.

छप्पर एका बाजूने खचत चाललं होतं. जिल्ह्याचं कार्यालय सुतार द्यायला तयार होतं, पण या ईदच्या सुट्टीत घराण्याचा निर्णय हवा होता. नाहीतर सुतार पलीकडच्या गावाला जाणार. आणि आमच्याकडे घर लेकींचं. पुरुषांनी त्यात फार तर भाषण ठोकावं. घरातल्या सगळ्या बायकांनी तिथेच चटईवर एकत्र बसून तोंडाने ‘हो’ म्हणायचं; एकही कमी पडली, तर बाकीच्यांचं बोलणं वाऱ्यावर.

बाताम, पेकनबारू, जकार्ता, सगळीकडून बहिणी गोळा करता करता यस्निदारच्या नाकी नऊ आले. लांबच्या प्रत्येकीकडे तिने रीतीप्रमाणे माणसाहाती आमंत्रणाची विड्याची पानं धाडली. घराण्याचा कारभार पाहणाऱ्या मामांकडे पानांचं तबक घेऊन स्वतः गेली. राहिली मागच्या आळीतली मावसबहीण एर्नाविलिस. तिला यस्निदारने मिरच्या तोडता तोडता कुंपणावरूनच हाक मारली, “एर्ना, परवा ये गं मोठ्या घरी, बैठक आहे!” घरचंच माणूस, तिला कसली पानं!

बैठकीच्या दिवशी रेंदांगचं मांस संपलं, कॉफी दोनदा झाली, मामांचं भाषण लांबत लांबत पणजोबांपर्यंत पोचलं. एर्नाची चटई रिकामीच.

“रीतसर बोलावलं होतंस ना?” मामांनी विचारलं.

“मामा, ती काय परकी आहे?”

“परकी नाही, म्हणून तर विचारतोय.”

बातामची धाकटी घड्याळाकडे बघत थोरल्या बहिणीला म्हणाली, “उनी, आमची गाडी चुकेल हं.” उद्यापासून सगळ्यांची कामं सुरू व्हायची होती. दुपारची नमाज उरकून मामा उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “बैठक झालीच नाही असं समजा.”

यस्निदारच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हजार मैलांवरच्या आल्या आणि ही चार पावलांवरची फुगून बसली! ती तबक उचलून तरातरा निघाली. एर्ना पडवीत नारळ खवत होती.

“आता सुचली होय पानं, उनी?”

“चुकलं माझं! पण एका पानासाठी अख्खं घर पाडतेस?”

“पानाचं काय घेऊन बसलीस!” एर्नाने खवणी बाजूला सारली. “मोठ्या घराच्या कडेच्या खोलीत मी नवरी म्हणून राहिले. माझा पहिला मुलगा तिथे झाला, तिथेच गेला. तिथे तू तिकीटखिडकी काढणार आहेस. हे मला कुणी सांगितलं? सुताराने! गल्लीत उभा राहून, हसत हसत.”

यस्निदारने हातातलं तबक खाली ठेवलं. स्वतःचा भयंकर राग आला तिला.

“मी विचारलं असतं, तर नाही म्हणाली असतीस?”

“मुळीच नाही. थोडी रडले असते, आणि हो म्हणाले असते.”

एर्नाने पदर खोचावा तशी सारोंगची गाठ घट्ट केली, तबकातलं एक पान उचललं, चुना लावून तोंडात टाकलं. “घे. हो म्हणतेय मी. खोली दिली.”

खालच्या वळणावरून बहिणींची गाडी हॉर्न वाजवत उतरत होती. यस्निदार पायरीवर मटकन बसली.

“अगं, पण आता कुणासमोर म्हणतेस?”