राणीच्या मागे चालणारा

फोनवर मेधाचं नाव दिसलं आणि मी सवयीने म्हणालो, “बोला, राणीसरकार!” पलीकडून ती म्हणाली, “श्रीकांत गेला रे.” चहाचं आधण ठेवलं होतं म्हणे, तेवढ्यात छातीत कळ आली, ओट्याशीच बसला तो उठलाच नाही. आयुष्यात मी नको तिथे नको ते पुष्कळ बोललो आहे, पण त्या सकाळचं ते ‘राणीसरकार’ अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे न्यायला पाव घ्यावा म्हणून त्यांच्या गावातल्या बेकरीत शिरलो. काउंटरमागच्या म्हाताऱ्या बाईंनी मला पाहिलं, हातातलं ब्रेत्सेल, म्हणजे खारट वेटोळा पाव, खाली पडलं आणि त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली. “पण तुम्ही तर काल वारलात ना?” राणीचा नवरा गेला ही बातमी गावभर झाली होती, आणि बाईंच्या लेखी राणीचा नवरा मी होतो! हा घोळ सर्वस्वी माझा. तो सांगितल्याशिवाय श्रीकांत सांगता येणार नाही.

मेधा जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत आमच्या विभागाची प्रमुख, म्हणजे माझीही साहेब. तिचा नवरा श्रीकांत पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायचा. तिला इथे बोलावणं आलं तेव्हा तो नोकरी सोडून तिच्या मागोमाग आला, जवळच्या खेड्यात घर घेतलं आणि स्वयंपाकघराचा ताबाही. त्याच्या शर्टाच्या खिशात सेफ्टी पिना, रबरबँड, दोरा असं काहीबाही असायचं. आम्ही त्याला फिरतं जनरल स्टोअर म्हणायचो. पुण्याहून आलेले कुणी काका “मग आपण इथे काय करता?” असं विचारायचे, तेव्हा हा त्यांना गाडीत घालून थेट कोबुर्गला न्यायचा आणि राजवाड्यासमोर उभं करून सांगायचा, “इथला एक राजपुत्र इंग्लंडच्या राणीचा नवरा झाला. मागणी राणीनेच घातली, कारण राणीला मागणी घालायची कुणाची टाप? लग्न झालं आणि त्याला कळलं, राणीच्या नवऱ्याला कामच नेमून दिलेलं नाही! मग त्याने स्वतःच शोधलं. राणीचे कागद बघायचे, राजवाड्यातली उधळपट्टी थांबवायची. गेनाऊ, अगदी तेच मी करतो. फक्त मला भांडीही घासावी लागतात.” काका खो खो हसायचे आणि परतताना मागच्या सीटवरून हळूच म्हणायचे, “बिचारा.” तो शब्द मेधाच्या कानावर पडायचाच...

आणि मग ती खरोखरच राणी झाली. त्यांच्या खेड्यात नेमबाजांचं जुनं मंडळ आहे. दरवर्षीच्या स्पर्धेत ज्याचा नेम सर्वांत अचूक, तो वर्षभर गावाचा राजा. कॉलेजात एनसीसीची रायफल चालवलेल्या मेधाने सगळ्या मिशाळ मंडळींना मागे टाकलं. राणीच्या गळ्यात जुन्या राजांच्या चांदीच्या नाण्यांची जड साखळी, आणि राणीच्या नवऱ्याला पदवी प्रिन्त्सगेमाल. मिरवणुकीच्या सकाळी बँड दारात आला. रिवाज असा की आलेल्यांना राजाघरून खाऊपिऊ घालायचं. श्रीकांतने बिअरबरोबर कांदेपोहे दिले आणि पैठणी नेसलेल्या राणीला उंबऱ्यात ओवाळलं. बँडच्या कप्तानाने आपणहून टोपी काढून कपाळ पुढे केलं!

मिरवणूक निघाली. राणीच्या डावीकडे श्रीकांत, मागे आम्ही पाहुणे. चौकाच्या अलीकडे तो एकदम मागे आला आणि मला म्हणाला, “तू हो पुढे, जागा मोकळी दिसायला नको.” मी झालो. लोक हात हलवत होते. मला वाटलं, माझ्यासाठीच. मीही दोन्ही बाजूंना हलवले, एका बाळाचा पापासुद्धा घेतला. पुढच्या आठवड्यात गावच्या पत्रकात फोटो: राणी आणि तिचे पती. पती म्हणजे मी, सगळे दात दाखवत. घरी बायको म्हणाली, “अहो, दुसरं लग्न केलंत ते कळवायचंत तरी!” श्रीकांतने तो फोटो फ्रिजवर लावला. पुढे माझी ओळख करून देताना तो म्हणायचा, “हे राणीचे अधिकृत पती. मी खासगी.”

त्या वर्षी रिवाजाप्रमाणे राणीच्या घराच्या भिंतीवर, दाराशेजारी लावायची नेमबाजीची लाकडी चकती त्याने हट्टाने स्वतः रंगवली. चित्रात राणी पाठमोरी: अंबाडा, गजरा, मानेवर साखळी, समोर सगळा गाव. “अरे, तोंड कुठाय हिचं?” मी ओरडलो. “तोंड जमत नाही मला,” तो म्हणाला.

परवा त्याच्याकडे गेलो होतो... अजून ‘त्याच्याकडे’च म्हणतो मी. निघताना मेधा दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. “मंदार, खरं सांग. त्या मिरवणुकीत तो मागे का गेला? त्याला लाज वाटली असणार ना, सगळ्या गावासमोर बायकोच्या मागे-मागे...? मी त्याला इथे आणलं. तो हसण्यावारी न्यायचा, आणि मीही नेऊ दिलं.”

तोंड लपवायला म्हणून मी दाराशेजारच्या भिंतीवरच्या चकतीकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं जिची टिंगल केली, ती चकती परवा पहिल्यांदा नीट पाहिली. राणीच्या मानेवर, अंबाड्याच्या खाली, साखळीची दोन टोकं एकमेकांना भिडत नव्हती. मध्ये बारीक ब्रशने काढलेली एक सेफ्टी पिन होती.

“मेधा, इकडे ये. साखळी तुटली होती?”

ती जवळ येऊन बघत राहिली. “मानेला हात लागला होता त्याचा,” ती सावकाश म्हणाली. “मला वाटलं, गजरा सारखा करतोय.”

“ती पिन सुटतेय का, ते बघत चालला होता तो.”

“मला सांगायचं ना मग!”

“सांगितलं असतं तर तू अशी ताठ मानेने चालली असतीस?”

“लबाड...” ती म्हणाली. एवढंच. आणि तिचा हात, नकळत, मानेमागे गेला.