बॉनेटवरच्या पट्टीची रबरं

बाळांनो,

परवा फोनवर धाकटीने विचारलं, "आबा आमच्याशी बोलत का नाहीत? दोन शब्द झाले की तुला फोन देतात." आबा माझ्या शेजारीच बसले होते. प्रश्न त्यांच्याबद्दल आहे हे त्यांना कळलंही नाही. मी "दमलेत गं ते" म्हणून वेळ मारून नेली. हेच उत्तर मी इतकी वर्षं, इतक्या लोकांना दिलं आहे की आता ते देण्याचाच थकवा येतो. म्हणून खरं काय ते एकदा क्रमाने लिहून ठेवते. तुमचं मराठी वाचन कच्चं आहे, तेव्हा आईकडून वाचून घ्या.

तुमचे आबा भिवंडीत यंत्रमागांवर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. शेडमधल्या आवाजात शेजारचा ओरडला तरी नुसते त्याचे ओठ हलताना दिसत. तिथे माणसं हातांनी बोलत. मनगटावर बोट ठेवलं की किती वाजले, मूठ तोंडाकडे नेली की चहा. आबा मागाचं दुखणं तळहाताने ओळखत. चालत्या मागावर हात ठेवायचा आणि कुठे धक्का बसतोय ते सांगायचं. घरीही ते मोठ्याने बोलत, रेडिओ मोठा लावत. पण टेमघरला आमच्या चाळीत अर्धी माणसं मागावरची होती आणि सगळीच मोठ्याने बोलत. मी दिवसभर शाळेत इंग्रजी शिकवून येई. मला त्या आवाजाचा त्रास व्हायचा, शंका कधी आली नाही.

नव्वदच्या आसपास त्यांचे मालक माग विकून गावी गेले. आबा म्हणाले, आता शेडमध्ये पाऊल ठेवणार नाही. त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली आणि भिवंडी ते वज्रेश्वरी सीटा भरून चालवू लागले. उघड्या हवेतलं काम त्यांना फार मानवलं. शेडमधल्या कापसाच्या धुळीने लागलेला खोकला कमी झाला. गणेशपुरीच्या एखाद्या पाहुण्याला तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांची माहिती सांगत, हसत. वीस वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

त्या जीपच्या बॉनेटला, पुढच्या कडेला, आधीच्या मालकाने धुरकट प्लास्टिकची एक उभी पट्टी लावलेली होती. अंबाडीच्या पुढे दोन्ही बाजूंना भातखाचरं. दाणा भरायच्या दिवसांत संध्याकाळी तिथून किडे उठत आणि काचेवर फुटत. पट्टीमुळे ते वरच्यावर उडून जात. पट्टी पत्र्यावर आपटू नये म्हणून तिच्या मागे सहा रबरी बटणं होती, आठाण्याच्या नाण्याएवढी. ती झिजून कागदासारखी झाली होती आणि पट्टी पत्र्यावर वाजू लागली होती. बॉनेटचा रंग सहा ठिकाणी उडाला, तिथे गंज धरला.

पहिली तक्रार केली ती भाजीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या एका म्हातारीने. वज्रेश्वरीच्या अलीकडच्या पाड्यातली, रोजची सीट. रविवारी मी पुढे बसून चालले होते, ती माझ्या मागे.

"ओ मास्तरीनबाय, तुमचे गारीला थंडी भरलीय काय? दात वाजतात सारखं."

सगळे हसले. आबाही हसले, पण सगळे हसल्यानंतर.

आबांनी दुसऱ्या दिवशी सुट्या भागांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदार म्हणाला, "मास्टर, इसका रबर अलग से नहीं आता. पूरी पट्टी बदल डालो." आबांना ते पटेना. त्यांच्या जुन्या पेटीत मागाचे पिकर होते. पिकर म्हणजे आडवं सूत नेणाऱ्या धोट्याला ठोसा देणारा चामड्याचा तुकडा. दिवसरात्र मार खाऊन जो तुटत नाही, तो या पट्टीला पुरून उरेल असा त्यांचा हिशोब. त्यांनी त्याचे सहा तुकडे कापले आणि पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवले. इंजिन चालू करून बॉनेटवर तळहात ठेवला आणि मला हाक मारली.

"बाई, तपासा. बरोबर की चूक?"

"बरोबर," मी म्हटलं. खरोखरच पट्टी गप्प होती.

पण पिकर टिकावा म्हणून तो महिनोन्‌महिने तेलात मुरवतात. जॉबरला हे माहीत नसेल तर कोणाला? तरी घाईत ते विसरले. तेलकट चामड्याला सोल्युशन धरेना. तिसऱ्या दिवशी तुकडे कुठेतरी रस्त्यात गळून गेले आणि पट्टी आधीपेक्षा मोठ्याने वाजू लागली. मी त्या रविवारी पुन्हा पुढे बसले होते. पट्टी थडथड करत होती आणि आबा मागे वळून म्हातारीला सांगत होते, "बघ आजी, केली का नाही गप्प?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाय, याला ऐकाला येत न्हाय."

त्यानंतर अंबाडीपर्यंत मी फक्त रस्ता ऐकत होते. मागून एका ट्रकने हॉर्न वाजवला, थांबून पुन्हा वाजवला. आबांनी जागा दिली ती ट्रक आरशात दिसल्यावर. मागे आठ माणसं बसली होती.

घरी आल्यावर मी भांडले नाही. ताकद नव्हती. पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी मीच ते काम हातात घेतलं. ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपचं जाड रबर आणलं, नाण्याभोवती रेघ मारून सहा चकत्या कापल्या. सोल्युशनच्या डब्यावर इंग्रजीत बारीक अक्षरांत सूचना होत्या, त्या आजवर कोणी वाचल्या नव्हत्या. दोन्ही बाजू स्वच्छ करा, कोरड्या करा, लावून दहा मिनिटं थांबा. मी रॉकेलने तेल पुसलं, मग साबणाने धुतलं, घड्याळ लावून थांबले. आबा पायरीवर बसून बघत होते. "पेपर तपासतेस तशी चिकटवतेस," म्हणाले.

पट्टी बसवली. त्यांनी इंजिन चालू केलं. या वेळी बॉनेटवर हात ठेवला नाही. खाली उतरून माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "आवाज थांबला?"

"थांबला. गेल्या रविवारी थांबला नव्हता."

"माहितेय. म्हातारीचं तोंड पाहिलं ना मी."

"कधीपासून आहे हे?"

"मागावर होतो तेव्हापासून. थोडं थोडं."

"आणि रस्त्यावर हॉर्न?"

"आरसा आहे की." त्यांनी आत वाकून इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "मला परत शेडमध्ये पाठवू नकोस."

मी त्याच दिवशी गाडी बंद करायला हवी होती. केली नाही. शाळा सुटली की मी वह्यांचा गठ्ठा घेऊन स्टँडवर जाई आणि संध्याकाळची फेरी त्यांच्या डाव्या बाजूला बसून करी. मागून हॉर्न आला की कोपराला एकदा हात लावायचा, समोरच्या वळणावरून आला की दोनदा. सकाळच्या फेऱ्या त्यांनी सोडल्या. मी वह्या गाडीतच तपासत असे, अक्षरं हलत असत. घरी येऊन स्वयंपाक. त्या तीन महिन्यांतलं मला दुसरं काही आठवत नाही, नुसती पाठ आठवते. आठ माणसांचा जीव मी माझ्या एका हातावर ठेवला होता. ती चूक होती आणि ती मी कळून केली.

मग एकदा मला ताप आला. आबा म्हणाले, मी जाऊन येतो. मला नाही म्हणायचं होतं, पण मी पांघरूण ओढून घेतलं. ते तासाभरात परतले.

"इतक्यात?"

"म्हातारी आली होती पाट्या घेऊन. बसायला लागली. मी म्हटलं, आजी, आज गाडी नाही. बाई नाही."

"मग?"

"मग काय? ती म्हणाली, उद्या तरी हाय काय? मी म्हटलं, उद्या पण नाही."

त्याच महिन्यात त्यांनी जीप विकली. ते शेडमध्ये परत गेले नाहीत. एका सुताच्या गोदामात राखणदारीला लागले. तिथे बाहेर खुर्ची टाकून बसता येई. कुंडांच्या गोष्टी मात्र बंद झाल्या.

आता डॉक्टरांनी तपासून सांगितलं आहे. उजवा कान पूर्ण गेला. डाव्यात थोडं शिल्लक आहे, एका वेळी एकाच माणसाचं, जाड आवाजात आणि सावकाश बोललेलं कळेल इतकं. फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता, त्यातलं त्यांना काही कळत नाही, म्हणून ते फोन मला देतात.