दहा मिनिटं पुढचा वाघ

राजेगावचा पूल ओलांडला की महाराष्ट्र मागे राहतो. मार्चमध्ये बाघ नदीत पाणी कमी आणि वाळू जास्त असते. गोंदियाहून निघालेल्या जीपमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. पुलापर्यंत लग्नांच्या गप्पा चालल्या होत्या, पलीकडे गेल्यावर त्या वाघावर आल्या. लांजीच्या बाजूला मोहफुलं वेचायला गेलेल्या एका माणसाला वाघाने नेलं होतं. शेजारच्या बाईंनी हे सांगताना आवाज खाली आणला. "चप्पलच भेटली त्याची," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मी वाघासाठी निघाले नव्हते. आमच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला सीमेवरच्या या जिल्ह्याचं प्रवासवर्णन हवं होतं आणि संकेतस्थळावर प्रत्येक फोटो नकाशावर त्याच्या जागी दिसायला हवा होता. तेव्हाच्या फोनमध्ये ही सोय नव्हती. त्यासाठी ऑफिसने डिजिटल कॅमेऱ्यासोबत काडेपेटीएवढं एक यंत्र दिलं होतं. खिशात ठेवलं की उपग्रहांच्या आधारे ते आपण कुठे आहोत याची वेळेसह नोंद करत राहतं. कॅमेऱ्याला जागा कळत नाही, फक्त वेळ कळते. संध्याकाळी लॅपटॉपवर दोन्हींच्या वेळा जुळवल्या की फोटो नकाशावर जाऊन बसतात. सगळा भरवसा दोन घड्याळांवर.

बालाघाटला माझी आतेबहीण शोभाताई राहते. तिचे यजमान मधुकरराव कोर्टात नोकरीला होते, आता निवृत्त आहेत. ताईने चिन्नोर (इथला बारीक, सुवासिक तांदूळ) शिजवला होता. त्याचा वास फाटकापर्यंत येत होता. जेवण झाल्यावर पाहिलं तर कॅमेऱ्याची बॅटरी प्रवासात निघाली होती आणि त्याचं घड्याळ शून्यावर लुकलुकत होतं. भाऊजींनी हात पुढे केला.

"आणा साळीबाई, टाइम मी लावतो. पेपरवाल्यांचं घड्याळ नेहमी मागंच राह्यते."

हॉलमधल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्यांनी चष्म्यातून बटणं दाबली आणि कॅमेरा परत दिला.

सकाळी ताईचा मुलगा नितीन मोटरसायकल घेऊन तयार होता. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो मराठी समजतो, पण बोलताना हिंदीत घसरतो. ताई फाटकात उभी राहिली, तिचा फोटो काढला आणि आम्ही निघालो. किरनापूर, मग लांजी. लांजीच्या पुढे डांबर संपलं आणि मुरूम लागला. साग, बांबू आणि मधे मधे मोह. या रस्त्यावर बरेच रपटे (नाल्यावरचे ठेंगणे, बिनकठड्याचे पूल) आहेत. एक पाहिला की दुसराही तसाच वाटतो.

रस्त्यावरच खैरटोला लागतो. त्याच्याही पुढे, शेवटच्या रपट्यापलीकडे कारीडोंगरी आहे. तिथे मोह वेचणाऱ्या कौसल्याबाईंच्या अंगणात फुलं वाळत घातली होती. सगळ्या घरात त्यांचा जड, गोड वास होता. त्यांनी तीळ घालून कुटलेले मोहाचे लाडू दिले. गोडीमागून थोडी तुरट चव रेंगाळते. झाडं रपट्याजवळ आहेत आणि उजाडायच्या आत जावं लागतं, नाहीतर गुरं आणि हरणं फुलं खाऊन टाकतात, असं त्या सांगत होत्या. भीती वाटत नाही का, असं मी विचारलं.

"भेव वाटते ना बाई. पण फुलं का मले विचारून पडते?"

टोपली कमरेवर धरून त्या दारात उभ्या राहिल्या. तो फोटो चांगला आला.

दुपारी आम्ही परत निघालो. एक रपटा ओलांडून चढावर आलो तर नितीनने गाडी हळू केली. रस्त्याकडेच्या धुळीत पंजे होते, माझ्या तळहाताहून मोठे. त्यांच्या शेजारून काहीतरी ओढत नेल्याचा पट्टा खाली नाल्याकडे गेला होता. पट्टा संपत होता तिथे एक वासरू पडलं होतं, मागचा भाग खाल्लेलं. माशा नुकत्याच जमू लागल्या होत्या. मी फोटो काढले. पाखरं बोलत नव्हती. बांबूत एक काडी मोडली.

"मावशी, बैठो," नितीन म्हणाला.

आम्ही खैरटोल्यालाही थांबलो नाही. वनखात्याच्या चौकीपाशी आलो तेव्हा नितीनचा शर्ट पाठीला चिकटला होता. चौकीच्या डेप्युटी साहेबांनी (उपवनक्षेत्रपाल) पहिलाच प्रश्न विचारला, कोणता रपटा? नितीन म्हणाला, खैरटोल्याजवळचा. मला वाटत होतं, त्याच्या बराच मागचा. दोघांनाही खात्री नव्हती. घाबरलेल्या माणसाला अंतर कळत नाही.

"मॅडम, तुम्ही नका सांगू. मशीनले सांगू द्या," साहेब म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. वासराचा फोटो आमच्या वाटेच्या निळ्या रेषेवर जाऊन बसला. साहेबांनी अक्षांश-रेखांश वाचून भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलने फुली मारली. ती खैरटोल्याच्या रपट्यावर पडली. नाकेदार (वनरक्षक) पटले यांना लगेच पाठवण्यात आलं. खैरटोल्याच्या लोकांनी दोन दिवस आपल्या नाल्याकडे फिरकू नये, मोह वेचायचा तर कारीडोंगरीच्या बाजूला जावं, असा निरोप त्यांच्याकडे दिला. मला हायसं वाटलं.

लांजीच्या बसस्टँडवर आम्ही चहा आणि आलूबोंडा घेतला. हाताला काम हवं म्हणून मी बाकीचे फोटो पाहू लागले. सकाळी फाटकात काढलेला ताईचा फोटो बालाघाटात नव्हता. तो गावाबाहेर, किरनापूरच्या रस्त्यावर, भाताच्या बांधांमध्ये दिसत होता.

नितीन हसला. "मम्मी खेत में क्या कर रही है?"

मी कॅमेऱ्याची वेळ बसस्टँडच्या घड्याळाशी ताडून पाहिली. मग कॅमेऱ्याची वेळ कोणी लावली, हे नितीनला सांगितलं.

"हॉलच्या घड्याळानं?" तो म्हणाला. "ते दहा मिनिट पुढंच असते, मावशी. पप्पाची गाडी सुटू नये म्हणून. आमच्याकडे सगळ्यांले माहीत आहे."

मग त्याचं हसू गेलं. कॅमेरा दहा मिनिटं पुढे होता, म्हणजे प्रत्येक फोटो आम्ही दहा मिनिटांनंतर जिथे पोचलो तिथे पडत होता. वासरू खैरटोल्याला नव्हतं. ते मागे, शेवटच्या रपट्याजवळ होतं. कौसल्याबाईंची झाडं तिथेच होती आणि आता खैरटोल्याची माणसंही उजाडायच्या आत तिथेच जाणार होती.

आम्ही तसेच चौकीवर परतलो, पण तिथे कुणी नव्हतं. साहेब जीप घेऊन दुसरीकडे गेले होते. कारीडोंगरीला फोन नाही. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. नितीनने किल्ली हातात घेतली, पण गाडीला लावली नाही. गावात पोचायचं तर तोच रपटा ओलांडावा लागणार होता. मी त्याला आग्रह केला नाही. थोड्या वेळाने त्याने स्वतःच गाडी सुरू केली.

खैरटोल्याला नाकेदार दवंडी आटोपून बसले होते. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं. तिथे त्यांना पंजा दिसला नव्हता, पण फुली होती म्हणून त्यांनी दवंडी दिली होती. गावकऱ्यांना त्यांनी पुन्हा गोळा केलं आणि सकाळी कुणीच कुठे जायचं नाही असं बजावलं. मग कुऱ्हाड घेऊन आपल्या गाडीवर आमच्या पुढे निघाले.

रपट्याजवळ पोचलो तेव्हा झाडांखाली अंधारून आलं होतं. वासरू जागेवर नव्हतं. ओढल्याचा पट्टा आता लांब झाला होता, गावाच्या दिशेने. नाकेदारांनी मान न वळवता एवढंच सांगितलं, "गाडी बंद नको पडू देऊ."

नितीनच्या खांद्यावर माझा हात होता. त्याने गाडी दुसऱ्या गिअरवरच रपट्यावरून काढली.

कारीडोंगरीला कौसल्याबाईंच्या दारात त्यांची सून होती. "सासू झाडाखालचा पाला जाळाले गेली," ती म्हणाली. सकाळी फुलं दिसावीत म्हणून आदल्या संध्याकाळी झाडाखाली झाडून पाला जाळतात. रपट्याच्या बाजूला, रस्त्यापासून आत, धूर दिसत होता. नाकेदारांनी रिकामा डबा घेतला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने बडवायला सुरुवात केली. गावातली माणसं थाळ्या घेऊन बाहेर आली. धूर सरळ वर जात होता. त्याच्याखाली काही हलत नव्हतं.  सून दाराची चौकट धरून उभी होती.

मग खराटा खांद्यावर टाकून कौसल्याबाई वाटेवर दिसल्या. चालत येत होत्या आणि चिडलेल्या होत्या.

"काहून बडवून राह्यले? कोणाचं लगन आहे?"

नाकेदारांनी सांगितलं. वाघ आधी खैरटोल्याचा होता हेही त्यांना कळलं. त्या माझ्याकडे वळल्या.

"दुपारी तिकडं, आता इकडं. तुमचा वाघ का घड्याळ पाहून चालते, बाई?"

लोक हसले. त्या हसल्या नाहीत. उंबऱ्यावर बसल्या आणि सुनेला टोपली आत ठेवायला सांगितली.

त्या रात्री आम्ही गावातच राहिलो. दारं कुणी उघडली नाहीत. उजाडल्यावर, खैरटोल्याहून निरोप मिळून, साहेबांची जीप आली आणि आम्ही सगळे झाडाकडे गेलो. कौसल्याबाईंनी जाळलेल्या पाल्याची राख झाडाखाली पसरली होती, वर रात्री पडलेली फुलं होती. राखेत पंजे उमटले होते. बुंध्याला एक फेरी घालून ते नाल्याकडे उतरले होते. काही फुलं पंजाखाली चिरडली होती, काही पंजांवर नंतर पडली होती. कॅमेऱ्याची वेळ तोवर मी यंत्राशी जुळवली होती. मी फोटो काढला.

बालाघाटला भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. ताईने पाणी आणलं, ते त्यांनी प्यायलं नाही. स्टूल ओढून वर चढले, घड्याळ उतरवलं आणि काटा मागे घेतला. दुसऱ्या दिवशी त्या घड्याळावर विसंबून मी अगदी वेळेवर निघाले आणि हाताशी दहा मिनिटं नसल्याने गोंदियाची जीप चुकली. ताई म्हणाली, "पाहा, अन् मीच म्हणत होती, राहू द्या तसंच."

ऑफिसला परतल्यावर आधीचे सगळे फोटो दहा मिनिटं मागे घेतले. त्याला एक बटण पुरतं. ताई फाटकात आली, वासरू आपल्या रपट्यावर गेलं. टोपली घेऊन दारात उभ्या असलेल्या कौसल्याबाई आपल्या घरी आल्या. नंतर राखेचा फोटो आपल्या जागी बसला आणि कौसल्याबाई नकाशावरून नाहीशा झाल्या. मला वाटलं, तो फोटो माझ्याकडून पुसला गेला. तो होताच, राखेच्या फोटोखाली झाकलेला. नकाशा बराच मोठा केला, तेव्हा कुठे त्यांचं दार आणि राखेतले पंजे वेगळे झाले.