महसूलबोधाची जोडलेली पानं

“‘महसूलबोध’. एकदाही बाहेर गेलेलं नाही,” मी वाचून दाखवलं.

“काढा,” काळे वकील म्हणाले. मग मान वर करून त्यांनी विचारलं, “शेखसाहेबांचं ना ते?”

“हो.”

वाचनालयाच्या कमिटीची बैठक चालू होती. चहा गार होत होता.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी, म्हणजे मुळे, नेवाशाच्या वाचनालयात लायब्ररियन होतो. लायब्ररियन म्हणायचं, पण दिवाबत्ती, झाडलोट, वर्गणीवसुली सगळं माझ्याकडेच. कागद मिळेनासा झाला होता. किराणा दुकानदार पुड्या बांधायला रद्दीसाठी आमच्या पायऱ्या चढायचे. तेव्हा वाचनालयाचे चिटणीस काळे वकील यांनी एक ठराव करून घेतला. तीन वर्षांत जे पुस्तक कुणी घरी नेलं नाही, ते रद्दीत काढायचं. आलेल्या पैशांत नव्या कादंबऱ्या घ्यायच्या.

पुस्तक गेलं की नाही हे कळायची पद्धत सोपी असते. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आम्ही एक कोरी चिठ्ठी डकवतो. वाचकानं पुस्तक नेलं की तीवर तारखेचा शिक्का. लोकप्रिय पुस्तकाची चिठ्ठी शिक्क्यांनी काळी होते. ‘महसूलबोधा’ची मात्र नव्या नवरीच्या साडीसारखी कोरी करकरीत होती.

त्याला कारणही तसंच होतं. शेखसाहेब मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. सारी नोकरी जमिनीच्या कायद्यात गेली. पेन्शनीत आल्यावर त्यांनी तो अख्खा कायदा ओव्यांत घातला. सारा, फेरफार, वारसनोंद, बांधाची भांडणं, सगळं. नेवाशाच्या मातीत ओवी उगवते म्हणतात, पण हे पीक कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल. देवाच्या जागी त्यांनी मोजणीदाराच्या लोखंडी साखळीला नमन केलं होतं:

आधी वंदू साखळीसी । जी मोजिते भूमीसी ।
तिच्यावाचोनि साऱ्यासी । आधार नाही ॥

पुस्तकाची मी पहिली एवढी एक ओवी वाचली होती. हसू दाबत पुस्तक कपाटात ठेवलं होतं.

पण माणसाला हसणं मला जमलं नाही. शेखसाहेब दर बाजारच्या दिवशी यायचे. वहाणा बाहेर काढून आत यायचे. तशी पद्धत वाचनालयात दुसऱ्या कुणाची नव्हती. कपाटातून आपलं पुस्तक काढायचे, मागची चिठ्ठी बघायचे, परत ठेवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकदा त्यांनी मला सहज म्हणावं तसं सांगितलं, “मुळे, घरच्या प्रतींना वाळवी लागली तरी चालेल. मी गेल्यावर माझं नाव राहील ते तुमच्या या कपाटात.”

आता त्या कपाटातून पुस्तक काढायचं, आणि पुढच्या बाजाराला त्यांच्या गुळाची ढेप त्याच ओव्यांत बांधून यायची. मला ते सहन होण्यासारखं नव्हतं.

बैठक संपली. सगळे गेले. काळे वकील रेंगाळले.

“मुळे, ठराव काय म्हणतो? न नेलेलं पुस्तक काढायचं. नेलेलं नाही.”

“बरं मग?”

“मग मारा शिक्का. मी नेतो.”

वकीलच ते. आपणच घातलेल्या कुंपणाला आपणच खिंडार पाडून मोकळे झाले. दुसऱ्याच दिवशी पुस्तक परत आलं. मग कमिटीतल्या डॉक्टरांनी नेलं. मग पोस्टमास्तरांनी. मग पुन्हा वकिलांनी, म्हणजे जरा भरीव दिसावं. चिठ्ठीवर चार शिक्के झाले. एवढं केल्यावर आम्ही सगळे स्वतःवर भलतेच खूश होतो.

पुढच्या बाजाराला शेखसाहेबांनी चिठ्ठी पाहिली. चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. म्हातारा माणूस, पण चेहरा असा फुलला की मला गलबलून आलं. नेमके काळे वकील तिथे टेबलाशी पेपरची वाट बघत बसले होते.

“मुळे, कोणी नेलं हो?”

मी वकिलांकडे बोट दाखवलं. शेखसाहेब त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“वकीलसाहेब, तुमच्यासारख्या कायदेवाल्यानं वाचलं! कसं वाटलं?”

“उत्तम. फारच उत्तम.”

“विशेष काय आवडलं?”

वकील कोर्टात कधी अडखळत नसत. इथे अडखळले. “तसं सगळंच. पण... शेवट. शेवट फार छान साधलाय.”

“शेवट?” शेखसाहेबांना फार आनंद झाला. “शेवटी बांधाचं प्रकरण आहे. त्या ओव्यांना मला वर्ष लागलं. थांबा, त्यात एक जागा दाखवतो.”

त्यांनी पुस्तक शेवटाकडे उघडलं. उघडलं म्हणजे उघडायला गेले. पानं उघडेनात.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. छापखान्यात एका मोठ्या तावावर बरीच पानं छापतात. मग ताव घड्या घालून शिवतात. त्यामुळे पानं कडेला एकमेकांना जोडलेली राहतात. बाइंडर मशीनवर कडा छाटतो, तेव्हा ती सुटी होतात. शेखसाहेबांनी हौसेनं कडा छाटू दिल्या नव्हत्या. सुरीनं पानं सोडवायचा मान पहिल्या वाचकाचा, असं त्यांचं म्हणणं. आम्ही चार शहाण्यांनी शिक्क्यांची एवढी काळजी घेतली, पण एकालाही एक पान कापायचं सुचलं नाही. पुस्तकांत वावरणाऱ्या माणसांच्या हातूनच अशी चूक व्हावी. पुस्तक हाती आलं की आम्ही आधी मागची चिठ्ठी बघतो.

शेखसाहेबांनी अंगठ्यानं कडा चाळल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळी पानं जोडलेली. वकिलांनी मान खाली घातली. मला वाटलं, रद्दीत गेलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं दुःख झालं असतं, अपमान तरी झाला नसता.

मग शेखसाहेब म्हणाले, “मुळे, सुरी आहे का?”

टपालाचे लखोटे फोडायची एक लाकडी सुरी माझ्याकडे होती. ती दिली. पुस्तक घेऊन ते बाहेर ओसरीवर गेले, बाकावर बसले आणि एकेक पान कापू लागले. राग दिसत नव्हता. सुरीचा खर्र खर्र आवाज तेवढा.

ओसरी भरलेली होती. बाजारच्या दिवशी मी तिथे पेपर मोठ्यानं वाचायचो. खेड्यापाड्यांतली न वाचता येणारी माणसं लढाईच्या बातम्या ऐकायला जमायची. त्या दिवशी पेपर घेऊन येणारी नगरची मोटार आली नव्हती. माणसं तंबाखू मळत बसली होती. त्यांत प्रवरेपलीकडचा खंडू होता. याची जीभ कधी स्वस्थ नसायची.

“साहेब, काय कापताय ह्ये?”

“पुस्तक.”

“आन् त्यात काय हाय?”

शेखसाहेबांनी सुरी थांबवली. नुकतंच सुटं झालेलं पान समोर होतं. चालीवर त्यांनी वाचलं:

बाप गेलिया स्वर्गासी । वर्दी द्यावी तलाठ्यासी ।
नाव लागे वारसासी । हयगय नको ॥

तंबाखूचे हात थांबले.

“आवं, परत म्हना की,” खंडू म्हणाला.

त्यांनी परत म्हटलं.

“वर्दी म्हंजी?”

“म्हणजे कळवायचं. अमका वारला, आम्ही त्याचे वारस, आमची नावं लावा.”

“आमचा म्हातारा जाऊन दोन सालं झाली. तलाठ्याकडं कवाच गेल्तो, तर म्हनला बघू. मला वाटलं, बघतुय त्यो.” खंडू पुढे सरकला. “मंग त्यानं न्हाईच बघितलं तर? त्ये बी हाय का ह्यात?”

“आहे. पण पान कापायचंय अजून.”

“मंग कापा की! लई येळ लावताय.”

ओसरी हसली. शेखसाहेबही हसले. पान कापायचं, ओवी म्हणायची, अर्थ सांगायचा, पुढचं पान. कुणी बांधाचं विचारी, कुणी पाटाच्या पाण्याचं. माणसं ओवी पुन्हा पुन्हा घोळवून घेत होती. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेले कान ते. एकदा चाल बसली की शब्द सुटत नव्हते.

मोटार आली. मी पेपर घेऊन बाहेर गेलो आणि घसा खाकरला.

“थांबा वो जरा,” खंडूनं मलाच दटावलं. “ती लढाई चाललीय तिकडं लांब. हितं आमची चाललीय.”

काळे वकील दारात उभे होते. आत जाववेना, बाहेर येववेना. शेखसाहेबांनी त्यांना पाहिलं आणि बाकावर थोडे सरकले.

“या वकीलसाहेब. बसा. तुम्हाला शेवट आवडला होता ना? आता तिथवर आलोच आहोत.”

वकील मुकाट्यानं येऊन बसले. शेवट ऐकला. खरंच चांगला होता.

त्यानंतर दर बाजाराला आधी ‘महसूलबोध’ आणि मग पेपर, असा क्रमच पडला. खंडूचं नाव सातबाऱ्यावर लागलं, तेव्हा त्यानं शेखसाहेबांना शेतातली हुरड्याची कणसं आणून दिली.

दोनेक वर्षांनी शेखसाहेब वारले. पुढच्या बाजाराला मी नेहमीसारखा पेपर घेऊन ओसरीवर आलो. खंडू म्हणाला, “पेपर ऱ्हाऊ द्या. साहेबांचं म्हना.”

मी पुस्तक आणलं, उघडलं. अक्षरं दिसत होती, पण आवाज फुटेना. मी तसाच उभा राहिलो. तेव्हा खंडूनं, ज्याला अक्षरओळख नव्हती त्या खंडूनं, डोळे मिटून सुरू केलं. आधी वंदू साखळीसी. मग शेजारचा. मग सगळी ओसरी. मला पान उलटायचीही गरज पडली नाही.

पुढे नगरच्या वाचनालयात नोकरी मिळाली, मी नगरला आलो, निवृत्तही झालो. या धंद्यात एक शिकलो. एखादं पुस्तक कुणी वाचणार नाही असं मी सांगू शकतो, आणि बहुधा ते खरं ठरतं. पण ते कुणाला हवं आहे, हे मला कपाटाशी बसून कधीच कळलेलं नाही.

मध्ये एकदा नेवाशाला गेलो, तेव्हा ते कपाट उघडून पाहिलं. ‘महसूलबोध’ जागेवर होतं. पानं हाताळून मऊ पडलेली, कडा काळपट, शिवण सुटत आलेली. पण त्या दिवसानंतर ते ओसरीच्या पुढे कधी गेलंच नाही, त्यामुळे मागच्या चिठ्ठीवर चारच शिक्के आहेत. आणि ते चारही, ज्यांनी ते वाचलं नाही त्यांचे.