देवांच्या टोपलीतला तारा

"तुह्या नवऱ्याचं मेडल कुठी हाय? दाखव."

सव्वीस जानेवारी होती. शाळेच्या अंगणात झेंडा लागला होता. विचारणारे हवालदार खुर्चीवर बसले होते. गावात शंभर एकर त्यांचं. पलटणीतून येऊन वीस वर्षं होत आली, तरी गाव त्यांना हवालदारच म्हणे. कोटावर पदकं लावलेली. माझी माय समोर जमिनीवर बसली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्या आमच्यासाठी नव्हत्या.

चीनच्या लढाईनंतर गावानं ठरवलं होतं की, पलटणीत गेलेल्या गावकऱ्यांची नावं दगडावर कोरून शाळेच्या भिंतीत बसवायची. यादी हवालदारांनी केली. नियमही त्यांचाच. पदक असेल त्याचंच नाव.

माय उभी राहिली. पदर सावरला. खरं तेच बोलली.

"नदीत गेले जी. देवाच्या टोपल्यासंग."

आधी हवालदार हसले. मग गुरुजी. मग सगळं अंगण. पोरंसुद्धा.

"ऐका! हिच्या नवऱ्याचं मेडल देवायनं नेलं!" हवालदार म्हणाले. "अवं, लाकडं फोडाले मेडल नसते भेटत पलटणीत."

माझा बाप लाकडं फोडत नव्हता. ब्रह्मदेशाच्या जंगलात बंदूक घेऊन चालला होता. मी मागं, पोरांच्या रांगेशेजारी उभा होतो. बुलढाण्याला कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरात पाटीला हात लावणारा मी पहिला. अंगात धुतलेला सदरा होता.

माय खाली बसली. मी तसाच उभा राहिलो.

ती टोपलीची गोष्ट सांगतो.

लढाई संपल्यावर बाप घरी आला. पदकं नंतर आली, टपालानं. हवालदारांची पदकंही त्याच आठवड्यात आली. पोस्टमननं चावडीपुढं दोघांची नावं मोठ्यानं वाचली होती. हवालदार तिथंच उभे होते. आज तो पोस्टमन नाही.

बापाची दोन पदकं होती. एक सहा टोकांचा तारा. दुसरं गोल, चांदीसारखं, त्यावर राजाचं मुंडकं. आमच्या घरात पेटी नव्हती. कुलूप नव्हतं. मोलाची वस्तू ठेवायची जागा एकच, देवांची वेताची टोपली. तिच्यात चांदीचे टाक होते, कवड्या होत्या, भंडारा होता. मायनं पदकं तिथंच ठेवली. सणाला टाकांना हळद लावायची, तेव्हा राजाच्या मुंडक्यालाही लावायची. मी लहान होतो. ताऱ्याशी खेळताना त्याचं टोक माझ्या बोटात घुसलं होतं. रक्त आलं. बापानं बोट तोंडात धरलं आणि म्हणाला, "टोचते बे ते. मलेबी लय टोचलं."

मग बौद्ध धम्माच्या दीक्षेचं वर्ष आलं. आमच्या सगळ्या वस्तीनं देव सोडायचे ठरवले. घराघरांतून टोपल्या निघाल्या. आमची टोपली बापानं स्वतःच्या डोक्यावर घेतली. वर फडकं बांधलेलं होतं. कोणी उघडून बघितलं नाही. सोडलेल्या देवाचं तोंड कशाला बघायचं? नदीच्या डोहात बापानं टोपली फडक्यासकट बुडवली आणि मागं न बघता घरी आला.

मायच्या ध्यानात आलं तेव्हा दिवस कलला होता. ती तशीच धावत गेली. तीन दिवस डोहात कमरेएवढ्या पाण्यात चाचपत राहिली. तिला गाळ सापडला. दुसऱ्याच कोणाच्या देव्हाऱ्यातली पितळी घंटी सापडली. तारा सापडला नाही.

बाप एवढंच म्हणाला, "राहू दे. मांगं वळून पायचं नाई, असं ठरलं ना आपलं?"

मी मॅट्रिकला होतो तेव्हा बाप खोकून खोकून गेला. माय मात्र मागं वळून बघतच राहिली. सव्वीस जानेवारीच्या त्या दिवशी घरी आल्यावर तिनं बापाचं पलटणीचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं.

"तुले वाचता येते. याच्यात मेडल लिवून आण. माह्या हातानं गेले ते."

पुस्तकात पदकांचं पान होतं. कोरं. बाप पलटणीतून सुटला तेव्हा पुस्तक बंद झालं, पदकं त्यानंतर आली. पुढं ती कोणी लिहिलीच नाहीत. लिहून घ्यायची असतात, हे बापाला कोण सांगणार?

बुलढाण्याच्या कचेरीत मी चार वेळा गेलो. तीन वेळा दारातून परत आलो. चौथ्या वेळी कारकुनापुढं उभा राहिलो.

"पदकं कुठं आहेत?"

"नदीत."

"नदीत? कोणी टाकली?"

"आम्हीच. म्हणजे, देव टाकले. त्यात गेली."

त्यानं लेखणी खाली ठेवली आणि शेजारच्या टेबलाकडं बघून म्हणाला, "अहो, ऐकलं का? सरकारी पदकं यांनी देव म्हणून बुडवली!" तिथंही हसले. मग कारकून जरा मवाळ झाला. म्हणाला, "असं लिहू नका. 'गहाळ' लिहा. आणि त्या काळात पलटणीत असलेल्या, पदकं आल्याचं माहीत असलेल्या माणसाची साक्ष जोडा. बायकोची चालत नाही."

मी 'गहाळ' लिहिलं. बरं वाटलं. ते बरं वाटणं आज मला सलतं.

पदकं आली तेव्हा चावडीपुढं असलेला असा माणूस गावात एकच उरला होता.

हवालदार गोठ्यापुढं बसले होते. मी कागद पुढं केला. त्यांनी वाचला. नाकारलं नाही. ते नाकारतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो.

"मले ठाऊक हाय. आले होते तुह्या बापाचे मेडल," ते म्हणाले. सरळ म्हणाले. "सही करतो. पण एक काम कर. पोळ्याले आमच्या बैलापुढं डफडं वाजव. तुम्ही लोकायनं सोडल्यापासून पोळा मुका झाला गावाचा. एक दिवस. सांजच्याले सही घेऊन जा."

मी कागदाची घडी घातली.

"काऊन? कॉलेजात गेला तं हात झिजले का?"

दीक्षेनंतर आमच्या वस्तीनं डफडं सोडलं होतं. बापानं तर कधीच सोडलं होतं. सोळाव्या वर्षी पोळ्यात वाजवून वाजवून त्याची बोटं फुटली, आणि त्याच महिन्यात तो पलटणीत नाव लिहायला पायी गेला होता. हे मला ठाऊक होतं. तरी मी हो म्हणालो. एक दिवस, मी मनाशी म्हणालो. बापासाठीच तर. मायला सांगितलं, पोळ्याला कॉलेजातच राहतो.

पोळ्याच्या दिवशी हवालदारांच्या गोठ्यात एक जुनं डफडं मिळालं. चामडं ढिलं होतं. कडब्याच्या जाळावर धरून मीच ते तापवलं. गळ्यात अडकवलं. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, खाली बैलांच्या जोड्या उभ्या होत्या. रंगवलेली शिंगं, पाठीवर झुली. हवालदारांची जोडी सर्वांत पुढं. आणि जोडीपुढं मी.

मी वाजवलं. दोन थापा. ते लपवत नाही.

"अस्सं!" हवालदार पुढं आले. सणाचा कोट घातला होता. कोटावर पदकं. छाती माझ्या डोळ्यांसमोर होती. तिथं तारा होता. मी टोकं मोजली. सहा. तसाच. माझ्या बोटात घुसला होता तसा.

माझा हात वरच राहिला.

"वाजव बे. थांबला काऊन?"

कोणीतरी मागून ओरडलं, "बापाची आठोन आली का रे?" लोक हसले.

मी मनात पुष्कळ भाषणं केली होती. कॉलेजच्या खोलीत, भिंतीपुढं. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी डफडं गळ्यातून काढलं. फेकलं नाही. बैलाच्या पायाखाली येऊ नये म्हणून बाजूला, दगडाला टेकवून ठेवलं.

"नाई वाजवत."

"मंग सही गेली तुही."

"गेली."

मी चालू लागलो. मागून कोणीतरी पत्र्याचा डबा बडवायला घेतला. पोळा फुटला, जोड्या तोरणाखालून निघाल्या. माझ्यावाचून काही अडलं नाही.

घरी माय दारात उभी होती. तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं सगळं. तिनं माझे हात हातात घेतले, उलटे करून बघितले. बोटांना काजळी लागली होती.

"किती थापा?"

"दोन."

ती आत गेली. पाणी आणलं आणि माझ्या हातांवर ओतत राहिली. काजळी निघून गेल्यावरही ओतत राहिली.

मी अर्ज साक्षीशिवाय पाठवला. दिवाळीनंतर उत्तर आलं. पुराव्याअभावी नोंद करता येत नाही. खाली शिक्का.

"काय लिवलं?" मायनं विचारलं.

एरवी मी तिला गोड करून सांगत आलो होतो. बघतो म्हणाले, साहेब रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात या. त्या दिवशी जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंजे होत नाई."

"होत नाही, माय."

शाळेच्या भिंतीत दगड बसला. पाच नावं आहेत. पहिलं हवालदारांचं. मी त्या भिंतीवरून जातो तेव्हा वाचतो. न वाचता जात नाही.

पुस्तकातलं पान कोरं आहे, कोरंच राहील. कचेरीतला कारकून बदलेल, कागद बदलणार नाही. याबद्दल मला आता भ्रम नाही. तरी दर वर्षी पोळ्याच्या दिवशी मी अर्ज लिहिणार आहे. ते तोरणाखाली जमतील, मी ओट्यावर कागद घेऊन बसेन. साक्षीदाराच्या जागी मायचा अंगठा असेल. चालत नाही, हे ठाऊक आहे. कचेरीनं तो दर वर्षी नाकारावा. सही करून नाकारावा.

आणि कारणाच्या रकान्यात 'गहाळ' हा शब्द माझ्या हातून पुन्हा जाणार नाही. या वर्षीचा अर्ज लिहून ठेवला आहे. तिथं असं आहे:

आम्ही आमचे देव नदीत टाकले. त्यांच्यासोबत माझ्या वडिलांची दोन पदकं गेली. पदकं चुकून गेली. देव चुकून गेले नाहीत.