बाबांची खुर्ची वळायची तो चौक

काशीत ब्रह्मा घाटाच्या वर आमची गल्ली काटकोनात वळते. त्या वळणावर चार खाटा मावतील एवढा मोकळा चौक होता. होता म्हणते, कारण आता तिथे जनतेची सुरक्षा उभी आहे. निळ्या पत्र्याची, कुलूपबंद.

बाबांचे गुडघे गेलेले, हृदयही जेमतेम. आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. म्हणून वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधायचे आणि चौघांनी उचलून बाबांना सडकेपर्यंत न्यायचं. ते लांबलचक बांबू वळायचे फक्त त्या चौकात. वरुणा नदीपलीकडे माझ्या भावाचा तळमजल्यावर फ्लॅट आहे, पण बाबांचा हट्ट एकच: मरण यावं ते काशीत. वरुणा ओलांडली की त्यांच्या लेखी काशी संपली.

एक दिवस भिंतीवर सरकारी नोटीस लागली. चौकाच्या जमिनीवर ‘जन सुरक्षा सहायता केंद्र’ होणार. आक्षेप असल्यास पंधरा दिवसांत सामूहिक अर्ज द्यावा. गर्दीत लोकांना बाहेर पडायला मदत व्हावी म्हणून हे केंद्र, आणि त्यासाठी बाहेर पडायची वाटच बंद! धन्य ती अक्कल!

मी शाळामास्तरीण. त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला, शेजारपाजारच्यांना बोलावलं, चहा केला. अर्ज सगळ्यांना पसंत पडला. मग समोरच्या गुरुजींनी पेन उचललं आणि बाबा खुर्चीतून गरजले, “थांबा! पहिली सही कोणाची?”

झालं. आमच्याकडे वसंतपूजेला वेदमंत्र म्हणताना कोणी आधी बसायचं, याचे मान ठरलेले. तोच क्रम सह्यांना लावायचा की वयाचा? की कोणाचे पूर्वज काशीत आधी आले त्याचा? बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा. “आमचं घर पहिलं. दुसऱ्या नंबरावर सही करायला मी काय पाहुणा आहे?” मी सुचवलं, गोलात सह्या करा, म्हणजे पहिला कोणी नाही. गुरुजी म्हणाले, “गोलात? हा काय भोंडला आहे?”

अहो, ज्यांच्या खुर्चीसाठी अर्ज, तेच अडून बसले! माझं डोकं फिरलं. “घाला काय गोंधळ घालायचा तो,” म्हणून मी कागद कपाटात टाकला. चूक माझीही आहे, नाकारत नाही. वाद मिटला, सह्या झाल्या आणि मी सरकारी दफ्तरात गेले, तो सोळावा दिवस. तिथल्या बाबूने अर्ज वाचला. “बहुत बढ़िया लिखा है मैडम. कल ले आतीं.”

उद्घाटनाला मंत्र म्हणायला आमच्याच मंडळींना बोलावणं आलं. तिथे मात्र क्रमाचा वाद नाही हं. साहेबांनी ज्याला पुढे बसवलं, तो पुढे बसला.

पंधरवडा गेला नसेल, एका दुपारी बाबांना धाप लागली. चौघांनी खुर्ची उचलली आणि वळणावर बांबू केंद्राच्या पत्र्याला अडकले. पुढे जाईना, मागे येईना. केंद्राच्या दारावर मदतीचा नंबर रंगवला होता, मी लावला. पलीकडून आवाज आला, “आप अपने नज़दीकी केंद्र पर संपर्क करें.” मी त्या कुलपावर लाथ मारली. बाबांचे ओठ काळेनिळे पडत होते. शेवटी गुरुजींनी, त्याच गुरुजींनी, बाबांना पाठीवर घेतलं आणि सडकेपर्यंत धावत नेलं.

बाबा वाचले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा इतका उशीर झाला तर वाचणार नाहीत, त्या गल्लीत ठेवू नका. भावाने परस्पर दवाखान्यातूनच गाडी वरुणेकडे घेतली.

पूल आला तसे बाबा सावरून बसले. “देशभरातून लोक मरायला काशीत येतात,” ते म्हणाले, “आणि तुम्ही मला जगवायला बाहेर काढताय?”

भावाने गिअर बदलला.

“अगं, सहीच तर होती,” बाबा हळूच म्हणाले. “एवढी शिक्षा असते का गं?”

खाली वरुणेचं काळं पाणी होतं. मी भावाला गाडी थांबव म्हणाले नाही.